दर्शनाला जाऊन येतो

प्रिय ठकू,

हे पत्र वाचायला तुला वेळ लागेल, जोडाक्षरांपाशी अडशील. अडलीस तर बाबाला विचार, मला नको. मी समोर असले की तू कागद कमी वाचतेस आणि माझं तोंड जास्त.

शनिवारी तू टिलबर्गच्या केर्मिसवरून, त्या डच मेळ्यावरून आलीस. केसांना साखरेचा चिकटपणा, मनगटावर कसलासा शिक्का, आणि चौघींनी मिळून जिंकलेलं ते हिरवं अस्वल तुझ्या वाट्याला आलेलं. मी विचारलं, "कशाचं असतं गं ते? कुठल्या देवाचं?" बूट काढता काढता तू म्हणालीस, "देवाचं कशाला असेल? नुसतं असतं. आई, तुम्हाला मजा करायला दरवेळी देव का लागतो?" आणि जिना चढून गेलीस. दार आपटलं नाहीस. म्हणजे रागानं बोलली नव्हतीस, खरंच विचारत होतीस. म्हणून जास्त लागलं.

आधी थोडी भांडून घेते. केर्मिस हा शब्दच केर्क आणि मिस यांचा आहे, चर्च आणि तिथली प्रार्थना. गावात चर्च झालं की दरवर्षी त्याच्या नावानं प्रार्थना व्हायची, बाहेर दुकानं लागायची, मग पाळणे आले. म्हणजे आपली जत्राच. तिथं तुम्ही खाता ते ओलीबोलन म्हणजे अक्काचे, माझ्या आजीचे गुलगुले, फक्त वरून पिठीसाखर. तुमचा देव गळून पडला, पाळणे राहिले, एवढाच फरक. झालं माझं भांडून.

आता खरं उत्तर. देव आम्हाला मजेसाठी लागत नव्हता, घराबाहेर पडण्यासाठी लागत होता. "मैत्रिणींबरोबर जरा फिरून येते" हे वाक्य आमच्या औशाच्या घरात मी कधी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर आधी कुणाला कळलंच नसतं आणि कळलं असतं तर पुढचे चार दिवस आबा माझ्याशी बोलले नसते. पण "दर्शनाला जाऊन येतो" म्हटलं की दार उघडायचं. पंचमीला वारुळाला, नवरात्रात पहाटे देवीला, शिवरातीला लातूरला. पंचमीला आमच्या वाड्यामागच्या लिंबाला नाड्याचा झोका असायचा. त्या झोक्यावर मी वारुळापेक्षा शंभरपट जास्त वेळ असायची. नागोबाला काय, लाह्या आणि दूध मिळालं की तो काही बोलायचा नाही.

मामाला विचार हवं तर. त्याला कधी देव लागला नाही. तो सायकल काढायचा आणि जायचा. पिच्चर, क्रिकेट, कुणाच्या तरी शेतात हुरडा. "कुठं गेलता?" "असंच." त्याला "असंच" चालायचं. तुला आज चालतं. मला नाही चाललं, आणि हे मला तुझ्या प्रश्नामुळं पहिल्यांदा नीट दिसलं.

ती शिवरातीची गोष्ट सांगते. बाबालाही माहीत नाही.

1993 साल. मी तुझ्याएवढी, चौदाची. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला भरते आणि पुढं बरेच दिवस चालते. औसा ते लातूर वीस किलोमीटर, यष्टीनं. आम्ही चौघी. अट अशी की दर्शन घ्यायचं, प्रसाद आणायचा आणि दिवेलागणीच्या आत घरात. उपवासाचे शेंगदाणे पुरचुंडीत आणि प्रत्येकीकडं दहा दहा रुपये. माझ्या दहातले पाच अक्कानं आईच्या नकळत दिलेले.

देवळाची रांग आम्ही लांबून पाहिली. ती पार रस्त्यापर्यंत आलेली होती. आणि रांगेच्या अलीकडंच पाळणा होता. लोखंडी, रंग उडालेला, मोटारीची घरघर आणि डिझेलचा वास. आमच्यातली एक म्हणाली, "आधी एक चक्कर, मग रांग." त्या डब्याला पुढं आडवी कांब होती, ती घट्ट धरायची. पाळणा थोडा वर गेला आणि थांबला, खालच्या डब्यात माणसं भरायला. आम्ही हवेत. माझी वेणी शेजारणीच्या तोंडावर उडत होती आणि ती ओरडायच्या ऐवजी वेणी चावत होती. आणखी थोडा वर, परत थांबला. असं करत अगदी माथ्यावर गेलो. खाली नारळाची दुकानं, भांड्यांची दुकानं, मौत का कुआँच्या फळ्यांचा गोल, आणि माणसांची नुसती डोकी. टोप्या, पदर, फेटे. आम्ही लातूरच्या बाजारातली गोलाई शोधत होतो. गोलाईला सोळा रस्ते मिळतात हे भूगोलात पाठ केलेलं, म्हटलं वरून मोजू. नाही दिसली. पण माथ्यावर दोन मिनिटं आम्ही चौघीच होतो आणि कुणालाच आम्ही कोण हे माहीत नव्हतं. कुणाची पोर, कुणाची नात, कुणाची बहीण, काही नाही.

तीन चकरा मारल्या. पैसे संपत आले, वेळही. दर्शन राहिलं ते राहिलंच. मग यष्टी स्टँडवर एकीला आठवलं, प्रसाद! उरल्यासुरल्या पैशांतून बत्तासे घेतले आणि कपाळाला लावायला बुक्क्याची पुडी. देवाला न दाखवलेले बत्तासे. तेवढ्या भीतीनं मी पुन्हा कधी काही खाल्लेलं नाही.

घरी आलो तर अक्का ओसरीवर वाती वळत बसलेली. बत्तासा तोंडात टाकला. "रांग किती होती?" मी म्हटलं, अर्धा तास. ती काही बोलली नाही, दोन वाती वळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वर गेल्यावर काय दिसतंय गं?"

मला वाटलं आता मार. पण ती खरंच विचारत होती. सत्तरीची बाई. दरवर्षी त्या यात्रेला गेलेली, नवऱ्याबरोबर, मग लेकरांबरोबर, मग नातवंडांबरोबर, आणि दरवेळी खाली उभी राहून चपला आणि पिशव्या सांभाळलेली. मी सांगितलं, डोकी दिसतात, टोप्या दिसतात. "अन् देऊळ?" शिखर दिसलं म्हटलं. "मग झालं की दर्शन," म्हणाली आणि दुसरा बत्तासा उचलला.

देवाशिवाय गेले नाही असं म्हणते खरी, पण एक आठवण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगायला हवी. मोठी मावशी अंबाजोगाईला कॉलेजात होती. तिथं नोव्हेंबरच्या शेवटी यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. शेतकऱ्यांची परिषद, कविता, आणि रात्री शास्त्रीय गाणं. मी दोन वर्षं गेले. सतरंजीवर मैत्रिणींची रांग, एका शालीत तिघी, थंडीनं नाक वाहतंय आणि समोर कुणीतरी अर्धा तास एकच ओळ गातंय. मला राग कळत नव्हता. पण मध्येच सगळा मांडव एकदम "वाह" म्हणायचा आणि आम्हीही म्हणायचो, अर्धा क्षण उशिरा. मी मावशीला म्हटलं, बघ, इथं देव नाही तरी सोडलं आपल्याला. ती म्हणाली, "देव नाही, पण पुण्यतिथी आहे ना." खरंच की. पंचवीस नोव्हेंबर. काहीतरी निमित्त होतंच.

आता येळवस. तुला माहीत आहे म्हणशील, फोटो पाहिलेत म्हणशील. मार्गशीर्षातली अमावास्या, शेतात कडब्याची कोप, त्यात पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड, आंबिल, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. कर्नाटकातही ती असते, आणि आपण शेतात आंबिल शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडतो त्याचा अर्थ आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हता. त्या दिवशी लातूर शहर बंद असतं, रस्त्यावर कुत्रं नसतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. आमच्याकडं शाळेतले सर यायचे, शिवणकाम करणारे चाचा त्यांच्या लेकरांसह यायचे, बँकेतला नवा बदली होऊन आलेला माणूस यायचा. हे मी तुला अभिमानानं दहा वेळा सांगितलंय.

अकराव्या वेळी दुसरी बाजू. लातूरच्या आजीला फोनवर विचार, येळवसला तू काय करायचीस? ती म्हणेल, भज्जी. आदल्या रात्रीपासून तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणे सोलायचे, मेथी-पात निवडायची, पहाटे तीनला चूल. शेतात गेल्यावर वाढायचं, घरी आल्यावर भांडी. तिला त्या शेतात एकही मैत्रीण नव्हती. आम्ही बोरं पाडत होतो तेव्हा ती पंगती मोजत होती. मी तुला जी मजा सांगते ती सगळी तिच्या पाठीवर बसून केलेली आहे. म्हणून मी इथं डिसेंबरात दोन पातेली करते आणि बाबाला सोलायला बसवते. तो फ्रोजन वाटाणे आणतो आणि हसतो. असो.

आणि एक येळवस देवाशिवायची.

त्याच 1993 च्या सप्टेंबरात, गणपती बुडवून पोरं नुकती परत आली होती, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीचा. आमचं घर हललं, भिंतीला भेग गेली, आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर धरून तिकडची 52 गावं, दगडमातीची घरं, झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो गेली. सास्तूर अक्काचं माहेर. तिचा भाऊ गेला, भावजय गेली. त्यानंतर अक्कानं देवघरात दिवा लावला नाही. आई लावायची. अक्का समोरून जाताना पदर ओढायची आणि निघून जायची. कुणी तिला काही म्हटलं नाही, आबासुद्धा.

जानेवारीत येळवस आली. घरात दुखवटा, सण धरायचा नाही असं ठरलं. आणि पहाटे बघतो तर अक्का एकटी चुलीपुढं, आंबिल ढवळत. आईनं विचारलं तर म्हणाली, "शेत काय करूलालंय त्यात? त्याचं काय चुकलंय?" गेलो शेतात. पांडवांना चुना लावला नाही, पूजा नाही, नारळ नाही. अक्कानं आंबिल शिंपडली ती मुकाट्यानं. मग मामाला म्हणाली, रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलेत ना, त्यांना घेऊन ये. आले वीस-पंचवीस जण. जेवले. एक बाई भज्जीचा घास घेऊन म्हणाली, "मीठ कमी पडलंय." अक्का म्हणाली, "होय की, पडलंय." एवढंच बोलणं. लहान पोरं मात्र थोड्या वेळानं बांधावरून पळत "ओलगे ओलगे" ओरडायला लागली आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.

आता यातून तुला काय सांगायचंय ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. देव लागतोच असं नाही, हे मी चौदाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलंय. तरी तू बाहेर निघालीस की माझ्या तोंडून "कशानिमित्त?" निघतं. नोव्हेंबरात आपल्या गावात ग्लोचे, त्या दिव्यांच्या महोत्सवाचे दिवे लागतात तेव्हाही मी शेजारच्या बाईला विचारलं होतं, कुणाच्या नावानं? ती म्हणाली, अंधार असतो ना, म्हणून. मला ते उत्तर फार आवडलं आणि तरी अपुरं वाटलं. परवानगी मागायची सवय सुटली, द्यायची सुटत नाही, असं काहीतरी असेल. दिवेलागणीच्या आत ये म्हणते मी तुला, आणि इथं जुलैत दिवे लागायला रात्रीचे दहा वाजतात. तू त्याचा बरोबर फायदा घेतेस.

डिसेंबरात भज्जी करीनच. मैत्रिणींना बोलवायचं असेल तर बोलाव, त्या अस्वल जिंकणाऱ्या तिघींना विशेषतः. नसेल बोलवायचं तर नको, मी तोंड पाडणार नाही. पाडलं तर सांग.

एक राहिलं. शनिवारी तू आलीस तेव्हा मी विचारलं कुठल्या देवाचं, मग विचारलं मुलं पण होती का, मग विचारलं जेवलीस का. तुमच्या त्या पाळण्याला बंद काचेचे डबे असतात आणि तो आपल्या सिद्धेश्वराच्या पाळण्याच्या दुप्पट तरी उंच असेल.

वर गेल्यावर काय दिसतं गं?

तुझी
आई