उत्तरेकडच्या पाण्याचे काम हाती घेताना

चि. भाचीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

टोरांटोतील एका प्रतिष्ठानात तू रुजू होत आहेस आणि कॅनडाच्या उत्तरेकडील समाजांना द्यायची अनुदाने व गोड्या पाण्याचे धोरण ही दोन्ही कामे तुझ्याकडे येणार आहेत, हे वाचून आनंद झाला. याच कामात माझी वर्षे गेली, त्यामुळे चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

प्रतिष्ठानाचा पैसा सरकारी तिजोरीपुढे चिमूटभर असतो, हे आधी मनाशी पक्के कर. विनिपेग शहर 1919 पासून ज्या शोल लेकचे पाणी पिते, त्याच तळ्याकाठच्या शोल लेक 40 या मूलनिवासी समाजाला 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळूनच प्यावे लागले. अशी हकीकत वाचली की तिथे जलशुद्धीकरण केंद्र बांधून द्यावे, असे कोणालाही वाटेल. परंतु ते कर्तव्य सरकारचे असते आणि आपण पैसे घेऊन पुढे झालो की सरकारला अंग काढून घेण्यास निमित्त मिळते. आपल्या पैशाचा उपयोग निराळा आहे. ज्यांच्या पाण्याचा निर्णय होणार आहे, त्यांना त्या बैठकीपर्यंत तयारीनिशी पोहोचता यावे, एवढ्यासाठी तो खर्ची पडला पाहिजे.

मॅकेन्झीचे खोरे डोळ्यांसमोर ठेव. कॅनडाचा सुमारे एक पंचमांश भूभाग या खोऱ्यात येतो. पीस आणि अथाबास्का नद्यांचे पाणी स्लेव्ह नदीतून ग्रेट स्लेव्ह तळ्यात उतरते आणि तिथून मॅकेन्झी नदी ते उत्तर महासागरापर्यंत नेते. वायव्य प्रदेशातील (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) डेने या मूलनिवासी लोकांची गावे या पाण्याच्या खालच्या अंगाला आहेत. पीस नदीवरचे बेनेट धरण ब्रिटिश कोलंबियात, तेलवाळूच्या खाणी आल्बर्टात. म्हणजे निर्णय वरच्या अंगाला आणि परिणाम खालच्या अंगाला. खोऱ्यातील सर्व सरकारांचा मूळ करार 1997 साली झाला, पण आल्बर्टा आणि वायव्य प्रदेश यांच्यातील प्रत्यक्ष द्विपक्षीय करारावर सह्या होण्यास 2015 उजाडले. मधली अठरा वर्षे आणि आपले दोन-तीन वर्षांचे अनुदान यांचा मेळ कसा घालायचा, हा तुझ्या नोकरीतील खरा प्रश्न आहे. नियामक मंडळासमोर तो पुन्हा पुन्हा मांडण्याची तयारी ठेव.

गॉर्डन फाउंडेशनचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. देशाचे अर्थमंत्री राहिलेले वॉल्टर गॉर्डन, त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आणि बंधू डंकन यांनी 1965 साली ते स्थापन केले. संस्था अवाढव्य नाही, परंतु देशाचा उत्तर भाग आणि पाणी हे विषय तिने दीर्घकाळ सोडले नाहीत. उत्तरेतील तरुणांनी स्वतःच धोरणाचा अभ्यास करून लिहावे, यासाठी वॉल्टर यांची कन्या जेन ग्लास्को यांच्या नावाने तिने पाठ्यवृत्ती सुरू केली. पुढे 2016 साली वायव्य प्रदेशाच्या सरकारच्या सहकार्याने तिने मॅकेन्झी डेटास्ट्रीम उभारले. गावकऱ्यांनी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांची मोजमापे तिथे एकाच पद्धतीने नोंदवली जातात आणि ती कोणालाही पाहता येतात. वर्षानुवर्षांची अशी मोजमापे हाताशी असली की ‘पाणी पूर्वीसारखे राहिले नाही’ हे म्हाताऱ्या मच्छीमाराचे बोलणे ऐकीव म्हणून बाजूला सारणे अधिकाऱ्यांना अवघड जाते. (ते आधीच ऐकून घ्यायला हवे होते, हे वेगळे.)

कायदाही नीट वाचून घे. धर्मादाय संस्थांनी धोरणाविषयी बोलावे की नाही, यावर तिथे बरीच वर्षे धाक होता. पक्षीय प्रचार न करता धोरणविषयक काम हवे तेवढे करण्याची मुभा 2018 साली मिळाली. नोंदणीकृत धर्मादाय नसलेल्या संघटनांना थेट अनुदान देण्याची वाट 2022 च्या दुरुस्तीने मोकळी केली, मात्र खर्चाच्या जबाबदारीच्या अटी कायम ठेवून. उत्तरेत या दुसऱ्या बदलाचे मोल मोठे आहे, कारण एखाद्या गावाची शिकारी-मच्छीमारांची संघटना करखात्याच्या यादीत बहुधा नसते आणि पूर्वी तिच्यासाठी दक्षिणेतील एखादी संस्था मध्यस्थ म्हणून शोधावी लागे.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका गावाकडे प्रगती-अहवाल मागितला, तोही ऐन सप्टेंबरात. उत्तर आले नाही, तेव्हा फाइलवर ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून मोकळा झालो. गाव शिकारीला गेले होते; वर्षभराच्या मांसाची बेगमी त्याच दिवसांत होते. पुढे मी अहवालाऐवजी दूरध्वनीवरचे तासभराचे बोलणे ग्राह्य धरू लागलो आणि त्याचे टिपण मीच लिहून गावाला वाचून दाखवू लागलो. मंडळातील एका सदस्यांना ते शेवटपर्यंत रुचले नाही.

पहिल्याच वर्षी वायव्य प्रदेशाच्या राजधानीला, येलोनाइफला जा. तिथल्या जायंट माइन या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची विषारी भुकटी जमिनीखाली साठवून ठेवली आहे आणि ती कायम सांभाळत राहावी लागणार आहे. शेजारच्या डेटा आणि एन्डिलो या वस्त्यांतील लोकांना भेट. पहिल्या भेटीत अर्जाचा नमुना सोबत नेऊ नकोस. अंदाजपत्रकात दुभाष्याचे मानधन आणि वडीलधाऱ्यांच्या वेळेचा मोबदला मात्र आधीच धरून ठेव, कारण हे दोन आकडे नंतर घुसवायला गेलीस तर लेखाविभाग हमखास अडवतो.

तुझा,
मामा