मुलीला सुट्टीत परदेशातल्या अनाथाश्रमात स्वयंसेवक म्हणून पाठवावं का? त्याने खरंच काही बदलतं का?

बदलतं, पण आधी तिथल्या मुलांचा विचार करा. माझी भाची दादरहून तीन आठवडे नेपाळला गेली होती. निघताना एका चिमुरडीने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ते सोडेचना. भाची खूप बदलून आली. पण त्या पोरीला दर महिन्याला नवी ताई मिळते आणि निघून जाते.

शिवाय नेपाळ, कंबोडियात अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. देणग्यांसाठी मुलं गावाहून आणल्याचे प्रकारही उघड झालेत. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही या धोक्याचा उल्लेख आला. तिला मुंबईतच एखाद्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला वर्षभर दर शनिवारी जाऊ द्या.