तिळगूळ आणि सरकारी निषेध

प्रिय सई,

१५ मार्चला तुमच्या शाळेत न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील २०१९ च्या हल्ल्याची आठवण जागवली गेली, आणि रात्री जेवताना तू विचारलेस, "इथल्या पंतप्रधानांनी तेव्हा जो निषेध केला, तो आपल्या तिळगुळासारखाच ना? गोड बोलायचं आणि मोकळं व्हायचं." बाबा हसले, मला मात्र प्रश्न लागला. तोंडी उत्तर देताना माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

तुझी संक्रांत ऐन उन्हाळ्यात, मंडळाच्या हॉलमधली. माझ्या मनात बसलेली संक्रांत ठाण्याची, नौपाड्यातल्या आपल्या जुन्या चाळीतली आणि जानेवारी १९९३ ची आहे. बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबरात मुंबई पेटली होती, ती जानेवारीत पुन्हा पेटली, आणि नेमकी त्याच दिवसांत संक्रांत आली. आमच्याकडे राबोडीहून सायकलवर पाववाले चाचा येत असत. कॅरियरला बांधलेला हिरवा पत्र्याचा डबा, त्याच्या वरच्या कप्प्यात खारी आणि बटर, खाली फडक्यात गुंडाळलेले पाव. त्या आठवड्यात ते आले नाहीत. चाळीतले पुरुष रात्री जिन्यात पहारा देत बसायचे, आणि एरवी सुधामामाला अभ्यासात मदत करणारी हीच माणसे तिथे जे बोलत, ते मी आजही तुला सांगणार नाही.

आजीने चाचांच्या वाटणीचा तिळगूळ डब्यात वेगळा काढून ठेवला होता. रथसप्तमीच्या आधी ते आले, तेव्हा तिने तो त्यांच्या हातावर ठेवला आणि नेहमीचे वाक्य म्हटले. त्यांनी तो कागदाच्या पुडीत बांधला, खिशात टाकला आणि पावाचे सुटे पैसे परत दिले. तुमचे घर सुखरूप आहे का, हे आजीने विचारले नाही. तुझा प्रश्न मला लागला तो यासाठी. तरीही, जिन्यातली माणसे बघत असताना तिने तो तिळगूळ दिला, हेही मला विसरता येत नाही.

सरकारच्या निषेधाबद्दल मला जे वाटते, ते त्या जिन्यातच शिकले. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की सगळे गप्प होऊन ऐकत. ज्यांची घरे जळली त्यांना त्या शब्दांनी काय मिळत असेल, मला ठाऊक नाही. पण काठी हातात घेऊन बसलेला माणूस मात्र कान देऊन ऐकतो, कारण आपल्याला कोणी अडवणार आहे की नाही, हे त्याला जाणून घ्यायचे असते. म्हणून सत्तेवरच्या माणसाने स्पष्ट बोलणे मला पोकळ वाटत नाही. पोकळ वाटते ते त्यानंतरचे. चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईच्या त्या दंगलींत ९०० माणसे मेली, त्यांतली ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होती. हा आयोग राज्य सरकारने १९९६ मध्ये मध्येच गुंडाळला, काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला, आणि अहवाल यायला १९९८ उजाडले. शिक्षा झालेले फारच थोडे.

इकडे २०१९ मध्ये ५१ जण मारले गेले. तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न डोक्यावर ओढणी घेऊन त्या कुटुंबांना भेटल्या, हल्लेखोराचे नाव आपण उच्चारणार नाही असे संसदेत म्हणाल्या, आणि महिना उलटायच्या आत लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदीचा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. त्यांचे बोलणे तुला खरे वाटते, त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. अर्थात कायद्याने द्वेष संपला असे मी म्हणत नाही. बसमध्ये तुझ्या मैत्रिणीच्या हिजाबवर कोणी काय बोलले, ते तूच मला सांगितले होतेस.

येत्या संक्रांतीला तिला तिळगूळ द्यायचा की नाही, हे तुझे तू ठरव. मी आग्रह करणार नाही. द्यायचा झालाच, तर त्या बसमधल्या प्रसंगाचे पुढे काय झाले, हे मात्र तिला विचार.

तुझी,
आई