ओल कुठून येते ते आधी शोधा, रंगाचं नंतर बघू

आमची इमारत बारा वर्षांची, घर आठव्या मजल्यावर. पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये खिडकीखालची भिंत दर जुलैत ओली होते, पोपडे सुटतात. दिवाळीला वॉटरप्रूफ रंग लावतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कोणता रंग टिकेल?
– वाचक, खारघर

कोणताच नाही. पाणी बाहेरून येतंय आणि रंग आतून लागतोय. मागून ओल आली की कितीही महागाचा रंग सुटणारच. आपल्याकडे पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना हा त्रास जास्त. त्यात डाग नेमका खिडकीखाली, म्हणजे पहिला संशय खिडकीवर.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक फटी असतात, साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. धूळ आणि कबुतरांची पिसं यांनी त्या बुजतात. मग ट्रॅक भरतो आणि पाणी फ्रेमच्या कोपऱ्यातल्या जोडातून भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि पातळ तार घेऊन फटी मोकळ्या करा, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते लगेच बाहेर गेलं पाहिजे. रेंगाळलं तर फटी अजून बुजलेल्या आहेत.

त्यानंतर फ्रेम आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन बघा. बारा वर्षांत ते कडक होऊन सुटलेलं असतं. जुन्यावर नवं फासू नका, चिकटत नाही. जुनं पातीने पूर्ण खरवडा, जागा कोरडी करा आणि न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट बसत नाही. चार बाय चार फुटांच्या खिडकीला साधारण ६ मिलिमीटर जाडीची रेघ धरली तर २८० मिलिलिटरची एक नळी पुरते. हे काम बाहेरून करायचं असतं आणि आठव्या मजल्यावर ते दोरीवर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसानेच करायचं. खिडकीतून वाकून अजिबात नाही.

खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टीही तपासून घ्या. तिचा उतार बाहेर हवा, पण अनेक ठिकाणी ती सपाट किंवा आतच कललेली सापडते. यातलं काहीच नसेल तर आरसीसी बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे आडवी भेग असेल. ती ‘व्ही’ आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरावी लागते. बाहेरच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चात येते, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि सोबत पावसाळ्यातले फोटो जोडा.

आतलं काम सगळ्यात शेवटी. पोपडे, पुट्टी आणि भुसभुशीत प्लास्टर काढून भिंत काही आठवडे उघडी ठेवा. मग दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून २४ तास लावा. कागदामागे थेंब दिसले तर भिंत ओलीच आहे, रंगाऱ्याला परत पाठवा. दिवाळीपर्यंत उरकायची घाई हेच तुमचा रंग न टिकण्याचं दुसरं कारण.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, तुमच्या बाथरूममुळे आमचं छत गळतंय. प्लंबर सरळ सगळी लादी फोडायला सांगतोय.
– वाचक, नौपाडा, ठाणे

फोडण्याआधी तीन दिवस द्या. पहिले दोन दिवस ते बाथरूम वापरू नका, नळ बंद ठेवा, पण मुख्य व्हॉल्व्ह चालू. तरीही खाली गळत राहिलं, तर दोष भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात. गळती थांबली, तर नहाणी ट्रॅपचं (जमिनीतून पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा आणि २४ तास थांबा. पातळी उतरली आणि खाली थेंब आले तर लाद्यांचे सांधे किंवा त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलं. काहीच झालं नाही तर बोळा काढून पाणी एकदम सोडा. तेव्हाच गळलं तर ट्रॅप किंवा त्याचा पाइप. या तिसऱ्या कारणासाठी खालून, काकांच्या छताकडूनही काम होऊ शकतं.

सांधेच गेले असतील तर एक प्रश्न स्वतःला विचारा: लाद्या ॲसिडने धुतल्या जातात का? ॲसिड सिमेंटचे सांधे खातं. लाद्या चकाचक दिसतात आणि पाणी खाली जातं. सांधे तीनेक मिलिमीटर खोल खरवडून, पूर्ण सुकवून एपॉक्सी ग्राउट भरा आणि निदान २४ तास पाणी लागू देऊ नका. खालचा थरच फाटला असेल तर मात्र एपॉक्सीने फक्त थोडा वेळ मिळतो. फोडायचंच ठरलं तर ट्रॅप त्याच वेळी बदला, वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान फूटभर चढवा आणि लादी बसवण्याआधी पाणी भरण्याची चाचणी पुन्हा घ्या. ही शेवटची पायरी ठेकेदार हमखास टाळतात. संडास-बाथरूममुळे घराच्या आत होणाऱ्या गळतीचा खर्च ज्या सदस्याची ती गळती त्याचा.

वर्षभराची कामं नेमकी कोणत्या महिन्यात करावीत?
– वाचक, नेरूळ

आपल्याकडचं वर्ष पावसाळ्यावरून मोजायचं. सप्टेंबरअखेर ओलीचे डाग ताजे असतानाच त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवून तारीख लिहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, सुतारकाम. मार्चआधी एसीची सर्व्हिस. त्यात पाणी बाहेर नेणारा पाइप फुंकून घ्यायला सांगा, नाहीतर उन्हाळाभर एसी घरात ठिबकेल. एसीची जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी घरीच धुवायची.

खाडीजवळच्या नोडमध्ये (नवी मुंबईच्या विभागांमध्ये) ग्रिलला एप्रिलमध्ये तारेचा ब्रश, एक हात रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर), दोन हात ऑइल पेंट. जिथे गंज तिथे दरवर्षी. गच्चीवरून पाणी जाण्याची तोंडं साफ करणं आणि टाकी धुणं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, कारण नंतर कारागीर गावाला जातात आणि जूनमध्ये जे मिळतात ते दुप्पट पैसे सांगतात. टाकी दुसऱ्यांदा नोव्हेंबरात. सिडकोच्या जुन्या वसाहतींसाठी आणखी एक: उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी.

सोसायटीत टँकरचं पाणी येतं. गिझर आवाज करतो, पाणी उशिरा तापतं, शिवाय खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. व्हॉल्व्ह बंद करून टाकू का?
– वाचक, घोडबंदर रोड

मुळीच नाही. पाणी तापताना फुगतं. तो वाढलेला दाब त्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून जातो, म्हणून गरम होताना थोडे थेंब पडणं ठीक आहे. तोंड बुजवलं तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलून घ्या.

आवाज क्षारांचा. टँकरचं पाणी बरेचदा बोअरचं, म्हणजे जड. कॉइलवर पांढरा थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही आणि एक दिवस कॉइल जळते. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून थर काढून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा. टाकीऐवजी गंज तिला लागावा यासाठीच ती असते. झिजून तार दिसू लागली असेल तर बदला. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नको, त्यापुढे क्षार झपाट्याने बसतात.

पावसात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो. वायरमन म्हणतो, काढून थेट जोडून देतो.
– वाचक, ऐरोली

वायरमन बदला. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी माणसाला वाचवण्यासाठी असतो आणि पावसात तो पडतो म्हणजे कुठेतरी ओलीतून करंट गळतोय. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे स्विच) बंद करा, सगळे प्लग काढा, ईएलसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चालू करा. ज्यावर पडेल त्या लाइनमधला बाल्कनीचा दिवा, दारावरच्या बेलचं बटण, बाहेरचा सॉकेट तपासून घ्या. सगळं बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय किंवा ईएलसीबीच खराब आहे, आणि ते मीटर लावूनच कळेल. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर तो निकामी आहे.

पावसाळ्यात मुख्य दार फुगून घासतं. सुताराला लगेच बोलवावं का?
– वाचक, कळवा

आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघा, बरेचदा दार फुगलेलं नसतं, खाली बसलेलं असतं. खरंच फुगलं असेल तर कडेला मेण घासून ऑक्टोबरपर्यंत दिवस काढा. जुलैत रंधा मारला की फेब्रुवारीत बोटभर फट पडते. लाकूड सुकल्यावरही घासत असेल तरच रंधा मारायचा, आणि त्याच दिवशी दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश किंवा ऑइल पेंट लावून घ्यायचा. त्या दोन कडा सुतार कोऱ्या सोडतात आणि दार पाणी पितं ते तिथूनच.