वाचकांचे प्रश्न : एक जोडी कमी कशी?

प्रश्न : माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, असे सांगितले जाते. मग चिंपांझीच्या पेशीत ४८ गुणसूत्रे आणि आपल्या पेशीत ४६, हे कसे? अख्खी जोडी नाहीशी झाली असती तर तो जीव जगलाच नसता. शिवाय माणूस माकडापासून झाला असेल, तर आजची माकडे माणूस का होत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ, कारण तिचे उत्तर लहान आहे. आज जिवंत असलेल्या कोणत्याही माकडापासून माणूस झालेला नाही. चिंपांझी हा आपला आजोबा नव्हे, तर चुलतभाऊ आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका समान पूर्वजापासून दोन शाखा फुटल्या आणि दोन्ही आपापल्या परीने बदलत राहिल्या. आपल्याकडच्या शेपटीवाल्या माकडांची शाखा तर त्याच्या कितीतरी आधी, अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी, वेगळी झाली होती.

पहिली शंका मात्र अगदी रास्त आहे. (१९५६ पूर्वी ती कोणी विचारलीच नसती. तोवर माणसाचीही गुणसूत्रे ४८च आहेत असे मानले जात होते. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती नीट मोजून ४६ हा आकडा त्या वर्षी प्रसिद्ध केला.) गोरिला आणि ओरांगउटान यांचीही गुणसूत्रे ४८ आहेत, तेव्हा बदल झाला तो आपल्याच शाखेत. एक जोडी गळून पडली असती तर निभाव लागला नसता, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ती गळालेली नाही. पूर्वजाची दोन गुणसूत्रे टोकाला टोक भिडून एक झाली आणि तेच आज आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र आहे.

याचा पुरावा त्या गुणसूत्रातच आहे. गुणसूत्राच्या टोकाशी डीएनएचा ‘टीटीएजीजीजी’ हा सहा अक्षरी क्रम पुन्हा पुन्हा येतो. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात तो टोकांखेरीज आतल्या भागातही सापडतो, आणि तोही असा, की एका बिंदूपर्यंत एका दिशेने येणारा क्रम तिथून पुढे नेमका उलट दिशेने सुरू होतो. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९९१ साली हा सांधा दाखवून दिला. मधल्या काळात तिथली बरीच अक्षरे बदलली आहेत, आणि ते साहजिक आहे, कारण टोक म्हणून त्या जागेचे काम संपले होते. दुसरी खूण सेंट्रोमिअरची, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्र ज्या जागी धरून ओढले जाते तिची. ही जागा प्रत्येक गुणसूत्रावर एकच असते; दुसऱ्या गुणसूत्रावर मात्र एक चालू सेंट्रोमिअर आहे आणि आणखी एकाचे निकामी अवशेष आहेत. चिंपांझीची दोन गुणसूत्रे शेजारी मांडली, तर हे अवशेष अपेक्षित ठिकाणीच येतात.

असा जोड ज्याच्यात प्रथम आला, त्याची गुणसूत्रे ४७ झाली असणार. मग त्याला संतती झाली कशी, हे विचारणे ओघानेच येते. प्रझेवाल्स्की या रानटी घोड्याची गुणसूत्रे ६६ आणि पाळीव घोड्याची ६४ असतात, तरी त्यांचे ६५ गुणसूत्रांचे शिंगरू पुढे वंश चालवू शकते. माणसांतही सुमारे हजारात एकाची दोन गुणसूत्रे वेगळ्या प्रकारे जोडली जाऊन संख्या ४५ झालेली असते; अशा कुटुंबांत गर्भपाताचा धोका काहीसा वाढतो, पण ती व्यक्ती स्वतः बहुधा धडधाकट असते आणि तिला मुलेही होतात. ४७ गुणसूत्रांचे दोन जीव एकत्र आले, की ४६ गुणसूत्रांचे अपत्य संभवते. आपल्या सह्याद्रीत आढळणारे भेकर तर या बाबतीत टोकाचे उदाहरण आहे: भारतीय भेकराच्या मादीत अवघी ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, आणि त्याच्याच जवळच्या चिनी भेकरात ४६.

या जोडामुळेच आपण माणूस झालो, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यात जनुकांची मांडणी बदलली, जनुके बहुतांशी तीच राहिली. सायबेरियातील देनिसोव्हा गुहेत मिळालेल्या बोटाच्या हाडातील डीएनए २०१२ साली बारकाईने वाचला गेला, तेव्हा आपल्याहून वेगळ्या असलेल्या त्या मानवगटातही हाच सांधा आढळला. म्हणजे आपली आणि त्यांची शाखा वेगळी होण्याआधीच ही दोन गुणसूत्रे जोडली गेली होती.