घरी जोडलेला सर्व्हर सारखा बंद पडतो. कारण कसं शोधायचं, की सरळ कंपनीचं मशीन घ्यावं?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे, "घरचे म्हणतात असेंबल केलेलं असंच चालणार, कंपनीचं घे." ते वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे हे वाक्य माझे थोरले बंधू कित्येक वर्षं ऐकवतायत, आणि ते खोटं आहे हे त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवूनही ऐकवतायत. त्यामुळे उत्तर लांबेल, चालवून घ्या.

तुमची तक्रार एवढीच कळली: जुन्या डेस्कटॉपचे भाग जोडून उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा सर्व्हर केलाय, त्यावर घरचे फोटो आणि बॅकअप आहेत, दर दोन-चार दिवसांनी तो क्रॅश होतो. रॅम बदलून झाली, उबुंटू नव्याने टाकून झालं, फरक नाही. उबुंटू नव्याने टाकलंत तेव्हा आधीचे सगळे लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी, गेले. यापुढे कोणी "फॉरमॅट मारून बघ" म्हणालं तर अजिबात ऐकू नका. ज्याला कारण शोधायचंच नसतं तो फॉरमॅट मारतो.

क्रॅश होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि घोडं तिथेच अडलंय. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला, उत्तर नाही आणि कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही, हे झालं गोठणं. क्षणात सगळं काळं होऊन आपोआप परत चालू होतं, हे वेगळं. बंद होऊन बंदच राहतं, तेव्हा आधी प्रोसेसरचं तापमान आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, बघायचा. आणि स्क्रीनवर कर्नल पॅनिकचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानेच हात टेकल्याचा, मजकूर येत असेल तर तुम्ही नशीबवान, कारण मशीन स्वतःच काहीतरी सांगतंय. या चारांची कारणं वेगळी असतात. सगळ्यांना एकच नाव देऊन एकच औषध शोधत बसलात तर वर्ष जाईल.

आमचंच सांगतो. मिरजेत घरी मी जोडलेलं मशीन आहे. प्रोसेसर रायझन ५ १६००, म्हणजे २०१७ साली आलेली रायझनची पहिली पिढी. एसएमपीएस त्याहूनही जुना, आधीच्या डेस्कटॉपमधून काढलेला. धाकटा भाऊ लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतो, त्याचं सगळं काम या मशीनवर उतरतं. मे महिना, ऐन लग्नसराई, रात्री कार्यालयातून आला की कार्डं लावायची, कॉपी चालू करायची आणि झोपायचं. तेव्हाच हे दुखणं सुरू झालं. सकाळी कधी मशीन गोठलेलं असायचं, कधी कॉपी अर्धवट आणि मशीन मध्यरात्री कधीतरी रिस्टार्ट झालेलं.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. धाकटा म्हणाला, उकाडा. दुकानातल्या माणसाने रॅम काढून खोडरबराने घासली, परत लावली, आणि नाही जमलं तर मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणाला. दादा म्हणाला, "डबा आहे तो. कंपनीचं घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती." दादाचं स्वतःचं मशीन कंपनीचं, वरच्या मजल्यावर, आमच्याच इन्व्हर्टरवर.

मी एकही भाग बदलायला नकार दिला. आधी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, एकही चूक नाही. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर काही सेकंदांनी वेळ, प्रोसेसरचं तापमान आणि लोड, म्हणजे कामाचा ताण, फाइलमध्ये लिहायचा आणि लगेच सिंक करायचं, म्हणजे ते डिस्कवर उतरवायचं. सिंक महत्त्वाचं आहे. ते नसेल तर मरणाआधीच्या नेमक्या त्याच ओळी मेमरीत राहतात आणि जातात. तापमानाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निकालात निघाला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश, आणि आमचा ऐन कॉपीतही सत्तरच्या आसपास. शिवाय तापून मेलेलं मशीन सहसा बंद होऊन पडून राहतं, स्वतःहून उठून कामाला लागत नाही.

मग रिस्टार्टच्या वेळा मांडल्या, गोठण्याच्या वेळा मांडल्या, आणि चित्र स्वच्छ दिसलं. गोठणं नेहमी पहाटेच्या निवांत वेळी, लोड जवळपास शून्य असताना. रिस्टार्ट नेहमी कामाच्या गर्दीत. एकाच मशीनला दोन वेगवेगळे आजार होते आणि घरात सगळे एकाच आजारावर भांडत होते.

गोठण्याचं कारण माहितीतलं निघालं. पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये लिनक्सवर हा त्रास अनेकांनी नोंदवलेला आहे. काही काम नसलं की प्रोसेसर सी-सिक्स नावाच्या गाढ झोपेत जातो आणि एखाद वेळी उठतच नाही. लॉगमध्ये काहीही नसतं, शेवटची ओळ साधीसुधी आणि पुढे थेट नवा बूट, म्हणजे मशीन नव्याने चालू झाल्याची नोंद. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एएमडी सीबीएस या मेनूच्या खाली 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असा पर्याय असतो, तो 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवायचा. मी ठेवला. त्यानंतर पहाटेचं गोठणं बंद झालं, ते आजतागायत. रॅम नाही, मदरबोर्ड नाही, बायॉसमधली एक ओळ.

रिस्टार्टचा तपास जास्त रंगला. मला इन्व्हर्टरचा संशय होता, पण संशयावर दादा ऐकणारा नव्हता. लाइट नेमकी किती वाजता गेली हे रात्री कोण बघणार? राउटर इन्व्हर्टरवर, त्याला लाइट गेल्याचा पत्ताच नाही. मग एक स्मार्ट प्लग स्वयंपाकघरातल्या अशा सॉकेटला लावला जो इन्व्हर्टरवर नाही. लाइट गेली की प्लग वायफायवरून गायब होणार. घरात पडून असलेला रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, राउटरशेजारी ठेवला आणि त्याच्यावरून प्लगला आणि सर्व्हरला सतत पिंग करत वेळा लिहायला लावलं. इन्व्हर्टर बॅटरीवर जातानाच्या क्षणात एवढासा भार तगतो, म्हणून रास्पबेरी पाय चालूच राहतो.

वळवाचे दिवस, ढग आले की लाइट जायची. थोड्याच दिवसांत दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. प्रत्येक रिस्टार्ट प्लग गायब झाल्याच्या क्षणालाच होता. पण प्लग गायब झाल्यावर प्रत्येक वेळी रिस्टार्ट नव्हता, आणि लोक नेमके इथेच फसतात. "परवा लाइट गेली तेव्हा काही झालं नाही, म्हणजे लाइटचा संबंध नाही," असं म्हणून मोकळे होतात. मी तिसरी यादी लावली, लोडची. कॉपी किंवा व्हिडिओचं रूपांतर चालू असताना लाइट गेली तर रिस्टार्ट. मशीन रिकामं बसलेलं असताना गेली तर काही नाही.

असं का होतं ते समजून घ्या, तुमच्याही कामाचं आहे. एसएमपीएसमध्ये एक जाड कपॅसिटर असतो. तो गच्चीवरच्या टाकीसारखा. बाहेरचं पाणी थांबलं तरी टाकीत आहे तोवर नळ चालतो. डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्सच्या मार्गदर्शक आराखड्यात हा काळ साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा धरलेला आहे. यूपीएस मोडमधला घरगुती इन्व्हर्टर साधारण १०-१५ मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, साध्या मोडमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतो. नव्या एसएमपीएसला यूपीएस मोड पुरतो. वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तापलेल्या कपॅसिटरची क्षमता उतरते, टाकी लहान होते. तरी नळ बारीक सोडलेला असला, म्हणजे मशीन रिकामं असलं, तर तेवढंही पुरतं. डिस्क फिरतायत, प्रोसेसर पूर्ण जोरात आहे, अशा वेळी पुरत नाही. आमचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवरच होता, मागचं मोडचं बटण मी आधीच तपासलं होतं. म्हणजे उरला एसएमपीएस.

दादाला मी कागद दाखवला नाही. मशीन पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूवर चालू केलं, डिस्कच्या केबल काढून ठेवल्या, प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकला आणि दादाला एमसीबीपाशी, म्हणजे घरात येणारी लाइट तोडणाऱ्या स्विचपाशी, उभं केलं. म्हणालो, पाड. त्याने पाडला, इन्व्हर्टर टक् करून बॅटरीवर गेला आणि त्याच टकबरोबर स्क्रीन काळी. परत चालू केलं, ताण न टाकता. पाड. मशीन जागचं हललं नाही. मग मित्राकडून आणलेला चांगला एसएमपीएस लावला, ताण टाकला, पाड. मशीन चालूच. दादाने स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा पाडून बघितलं. शेवटी म्हणाला, "बरं, पण कंपनीच्या मशीनला हे झालं नसतं."

त्याच दुपारी वरचं त्याचं कंपनीचं मशीन एमसीबी पाडताना बंद झालं होतं. वहिनी खाली विचारायला आल्या होत्या. ते दर वेळीच बंद पडतं, पण तिथे म्हणतात "लाइट गेली". माझं बंद पडलं की "डबा आहे". तुमच्या घरीही हेच चाललं असणार, म्हणून एवढं सांगितलं.

जुना एसएमपीएस नंतर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे उघडला. त्याने आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला, मग सुटा करून मीटरला लावला. अंगावर ३३० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर निम्म्याच्याही खाली. डोकं फुगलेलं नव्हतं, गळती नव्हती, बघून कोणालाही चांगलाच वाटला असता. एसएमपीएस तुम्ही घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतका व्होल्टेज काही काळ राहू शकतो.

आता कंपनीच्या मशीनबद्दल माझं मत. नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नका घेऊ. आत कपॅसिटरच असतो, आणि तोही म्हातारा होतो. कित्येक ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवतही नाहीत, दुसऱ्याकडून बनवून घेतात. वर कंपनीच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये कनेक्टर आणि आकार त्यांचाच वेगळा, त्यामुळे वॉरंटी संपल्यावर बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. मी माझ्या मशीनचा चार स्क्रू काढून बदलला. दादाला बदलायचा झाला तर तोच भाग मागवून वाट बघावी लागेल. भरवसा भरवसा म्हणतात तो माझ्या मते दुरुस्त करता येण्यात आहे, आणि त्यात जोडलेलं मशीन पुढे आहे.

तुम्ही आज रात्रीच काय कराल ते सांगतो. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला मायनस बी मायनस वन देऊन (journalctl -b -1) मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी बघा. तिथे मशीन चेकची (प्रोसेसरने स्वतः नोंदवलेल्या हार्डवेअरच्या दोषाची) किंवा डिस्कची तक्रार असेल तर माझी वरची सगळी कथा बाजूला ठेवा आणि त्या ओळीच्या मागे लागा. लॉग मध्येच तुटलेला असेल तर वीज, गोठणं किंवा अचानक रिसेट. एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क असेल तर स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडमध्ये 'अनसेफ शटडाउन्स'चा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या क्रॅशनंतर पुन्हा बघा. वीज तुटली तर तो वाढतो, गोठल्यावर रिसेट दाबला तर सहसा वाढत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलंत तर मात्र वाढणारच, तेव्हा ते धरू नका. पॅनिक होतंय पण मजकूर दिसत नाही असं वाटलं तर नेटकन्सोल लावा, कर्नलचे संदेश दुसऱ्या मशीनवर जाऊन पडतात.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा प्रोसेसर कोणता ते लिहिलेलं नाही. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर त्यांची वेगळीच भानगड आहे. जास्त व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर हळूहळू बिघडतात, २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी बायॉस अद्ययावत करा. आणि तुमच्याकडे लाइट जातच नसेल, किंवा क्रॅश फक्त मोठी फाइल हलवताना होत असेल, तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून बघा. स्मार्टसीटीएलमधला यूडीएमए सीआरसीचा, म्हणजे केबलवरून येता-जाता झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचाच.

हे होईपर्यंत फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क सुटी ठेवा. लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइलसिस्टिम बऱ्याचदा सावरते, दर वेळी सावरेलच असं नाही. मग मशीन नेमकं कसं मरतं, एसएमपीएस किती वर्षांचा आहे आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण कोणत्या मोडवर आहे, एवढं कळवा. पुढचं सांगतो.