‘ॲलन की’ की ‘एल की’?

प्रश्न असा आहे : स्क्रूच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेत घालून फिरवायच्या वाकड्या सळईला कुणी ‘ॲलन की’ म्हणतं, कुणी ‘एल की’. यातला मूळ शब्द कोणता?

मूळ शब्द ‘ॲलन की’. ॲलन हे कारखानदाराचं नाव. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचे विल्यम ॲलन यांना 1910 साली पेटंट मिळालं. षट्कोनी साच्याभोवती धातू न तापवता दाबून स्क्रूच्या डोक्यात खाच पाडायची, ही ती पद्धत. त्यांच्या ॲलन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने हे स्क्रू विकले ते ‘सेफ्टी सेट स्क्रू’ म्हणून, आणि ‘सेफ्टी’ हा शब्द तिथे उगाच आलेला नव्हता. तेव्हा कारखान्यातली यंत्रं एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी चालत. शाफ्टवरची पुली ज्या सेट स्क्रूने घट्ट धरलेली असे, त्याचं चौकोनी डोकं बाहेर आलेलं असायचं. शाफ्ट वेगात फिरू लागला की ते दिसतही नसे, पण कामगाराची बाही त्यात अडकली की माणूसच ओढला जायचा. खाच आत गेल्यावर बाहेर यायला डोकंच उरलं नाही. या साध्या वाटणाऱ्या स्क्रूबद्दल मला फार आदर आहे तो यासाठीच.

मग ‘एल की’ कुठून आली? एक तर आकार इंग्रजी ‘एल’सारखा. दुसरं कारण उच्चाराचं. ‘ॲलन की’ भरभर म्हणून पाहा : ‘क’च्या आधीचा ‘न’ कंठात जातो आणि ‘ॲलंकी’ असं काहीतरी ऐकू येतं. व्याकरणातला परसवर्ण तो हाच. ती अनुनासिकाची छटा निसटली की ‘एल की’ उरते.

जर्मनांचंही असंच झालं. नॉइस शहरातल्या बाउअर उंड शाउर्टे या कंपनीने 1930च्या दशकात अशा स्क्रूंना नाव दिलं ‘इन्बुस’ : आतल्या षट्कोनासाठीच्या जर्मन शब्दाची आणि कंपनीच्या नावाची आद्याक्षरं जोडून. लोक सर्रास म्हणतात ‘इम्बुस’. आपण ‘इंबुस’ असं अनुस्वाराने लिहिलं तर आपणही तेच म्हणू. इटलीत हाच स्क्रू ‘ब्रुगोला’, एजिदिओ ब्रुगोला यांच्या नावावरून; नॉर्वे-डेन्मार्कमध्ये ‘उनब्राको’, तीही एका उत्पादकाची छापच. स्वीडिश लोकांनी मात्र कुणाचंच नाव न घेता ‘आतला षट्कोन’ याच अर्थाचा शब्द ठेवला.

‘एल की’ बोलण्यात चालू द्यावी, समजायला अडत नाही. पण लिहिताना ‘ॲलन की’च लिहावं, कारण पुढे ‘ॲलन बोल्ट’ येतो. त्याला ‘एल बोल्ट’ म्हणाल तर इमारतीच्या पायात गाडायचा, खाली वाकवलेला वेगळाच बोल्ट हातात पडेल. शिवाय टी आकाराच्या मुठीची असली तरी ती ॲलन कीच असते.

लिंगाचं म्हणाल तर चावीमुळे ‘ती ॲलन की’, आणि बोल्ट मात्र ‘तो’.